वणवा, शेजारधर्म आणि शिस्त

दूरदृष्टि नसलेल्या माणसाविषयीं बोलतांना आपण म्हणतों, 'आग लागल्यावर विहीर खणावयास निघाला.' ही म्हण विहिरीच्या गांवची आहे. घराला घर लागून असलेल्या आपल्या खेड्यांत आग लागली म्हणजे हाक ऐकून सारी आळी धांवत येते, विहिरीपासून घरापर्यंत माणसांची रांग लागते आणि घागरी-कळशा हातोहात पुढें सरकूं लागतात. परंतु जेथें एका शेतकऱ्याचें घर दुसऱ्याच्या घरापासून कोस-दोन कोस दूर आहे, जेथें शहरांतला बंब येऊन पोंचेपर्यंत राखच उरावयाची, आणि जेथें आग भरधांव घोड्यासारखी येते, तेथील लोकांनीं काय करावें?

ऑस्ट्रेलिया खंडाच्या आग्नेय कोपऱ्यांत व्हिक्टोरिया नांवाचें राज्य आहे. मेलबोर्न ही त्याची राजधानी. तेथील ग्रामीण जनतेनें या प्रश्नाला जें उत्तर शोधलें, त्याचा इतिहास आज आपणांस सांगावयाचा आहे. गांवोगांवचीं स्वयंसेवकांचीं अग्निशामक पथकें, हें तें उत्तर. त्यांत काम करणारांना पगार नाहीं. कोणी शेतकरी, कोणी शिक्षक, कोणी दुकानदार, कोणी परिचारिका. भोंगा वाजला कीं हातांतलें काम टाकून हीं माणसें बंबावर चढतात. ऐकावयास ही गोष्ट सोपी वाटते. परंतु नुसत्या शेजारधर्मानें वणवा विझत नाहीं, त्याला शिस्तीची जोड लागते, हें कळण्यास त्या लोकांना शंभराहून अधिक वर्षें लागलीं, आणि तें ज्ञान त्यांना फुकट मिळालें नाहीं.

प्रथम तेथील भूमीची आणि वाऱ्याची ओळख करून घेतली पाहिजे. त्या देशांत डिसेंबर ते फेब्रुवारी हा कडक उन्हाळा असतो. डोंगर निलगिरीच्या जातीच्या वृक्षांनीं भरलेले आहेत. आपण निलगिरीचें तेल सर्दीपडशावर वापरतों. तसलेंच तेल त्या झाडांच्या पानापानांत साठलेलें असतें, आणि उन्हानें तापलेलीं तीं पानें चटकन् पेट घेतात. कित्येक झाडांची साल लांब पट्ट्यांनीं सुटून लोंबत असते. त्या जळत्या पट्ट्या वाऱ्याबरोबर उडतात आणि मूळ आगीच्या पुढें कित्येक मैलांवर जाऊन पडतात. म्हणजे नदी आडवी आली किंवा रस्ता आडवा आला, तरी वणवा तेथें थांबेलच असें नाहीं.

परंतु त्याहून घातक आहे तो वारा. वाईट दिवशीं प्रथम खंडाच्या कोरड्या अंतर्भागावरून उत्तरेचा वारा सुटतो. भट्टीचें दार उघडावें तसा तो अंगावर येतो. त्याच्या जोरानें आग उत्तरेकडून दक्षिणेकडे लांब जिभेसारखी पसरते. या वेळीं आगीचें तोंड अरुंद असतें, बाजू मात्र लांबच लांब असतात. नंतर, बहुधा दुपार टळल्यावर, नैर्ऋत्येचा थंड वारा एकाएकीं येतो. उकाड्यानें हैराण झालेल्या नगरवासीयांस तो वरदानासारखा वाटतो. परंतु वणव्याच्या पूर्वेस उभ्या असलेल्या माणसाला तोच काळ ठरतो. कारण आगीची पूर्वेकडील सबंध बाजू आतां तिचें तोंड बनते, आणि जी आग मैलभर रुंद होती ती कित्येक मैल रुंद होऊन पुढें धांवते. वारा फिरण्याची ही गोष्ट श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावी. पुढील कथेंत ती पुन्हां पुन्हां येणार आहे.

युरोपीय वसाहतवाले येण्यापूर्वीं तेथील मूळचे रहिवासी योग्य ऋतूंत लहान लहान आगी लावून गवत व झुडपें विरळ ठेवीत असत. हें ज्ञान पिढ्यान्‌पिढ्यांचें होतें. नवे वसाहतवाले जमिनी घेऊन बसले, मूळ रहिवासी हुसकावले गेले, आणि त्यांच्याबरोबर तें ज्ञानहि बहुतेक ठिकाणीं लोपलें. याचें फळ लौकरच दिसलें. ६ फेब्रुवारी १८५१ या दिवशीं, गुरुवारीं, व्हिक्टोरियाच्या भूमीचा सुमारें चौथा हिस्सा आगीच्या भक्ष्यस्थानीं पडला. वस्ती अगदीं विरळ होती म्हणून मनुष्यहानि सुमारें बारा जणांवर भागली. मेंढ्या मात्र लाखांनीं मेल्या. त्या दिवसाला तेथील लोक 'काळा गुरुवार' म्हणतात. त्या काळीं पथकें नव्हतीं, बंब नव्हते. माणसें ओलीं पोतीं आणि हिरव्या फांद्या घेऊन आगीला झोडपीत होतीं.

पुढें सोन्याच्या खाणी सांपडल्या, गांवें वसलीं, आणि लांकडी घरांच्या या गांवांनीं आपापलीं स्वयंसेवक पथकें उभारलीं. १८९० सालीं कायदा होऊन राजधानीसाठीं एक व बाहेरच्या गांवांसाठीं एक अशीं दोन अग्निशामक मंडळें स्थापन झालीं. परंतु गांवाची वेस ओलांडली कीं या मंडळाचा आधार संपे. उघड्या रानाला आणि विखुरलेल्या शेतांना वाली नव्हता. तेव्हां शेतकऱ्यांनीं आपल्याच हिंमतीवर वणव्याचीं पथकें काढण्यास सुरुवात केली. शेजारच्या न्यू साउथ वेल्समधील बेरिगन या गांवीं १८९६ सालीं असें पथक निघालें, आणि त्या राज्यांतील तें पहिलें असें मानण्यांत येतें. या पथकांचें सामान काय? घोडागाडीवर पाण्याचें पिंप, कांहीं फावडीं, पाठीवर बांधावयाची पिचकारी आणि पोतीं. यांतील उत्साह खरा होता. परंतु एका पथकाची दुसऱ्याला वार्ता नसे, आणि कोणी कोणाचा हुकूम मानावा हें ठरलेलें नसे. १९२६ सालच्या फेब्रुवारींत वॉरबर्टनच्या आसपासच्या डोंगरांत एका रविवारीं एकतीस माणसें जळून मेलीं, तेव्हां ही उणीव प्रथम लोकांच्या नजरेंत भरली. तरीहि फारसें कांहीं बदललें नाहीं.

मग १९३९ सालचा जानेवारी महिना उजाडला. दीर्घ अवर्षणानें रान वाळून कोळ झालें होतें. ठिकठिकाणीं बारीकसारीक आगी कित्येक दिवस धुमसत होत्या, आणि त्या पुरत्या विझविणें हें आपलें काम असें कोणालाच वाटत नव्हतें. १३ जानेवारीस, शुक्रवारीं, मेलबोर्नचें उष्णतामान ४५·६ अंश सेल्सिअसवर गेलें. उत्तरेच्या वाऱ्यानें त्या धुमसत्या आगी एकमेकींत मिळाल्या आणि डोंगरामागून डोंगर पेटत गेला. त्या वणव्यांत एकाहत्तर माणसें मेलीं. नारबेथाँग, नूजी यांसारखीं गांवें जवळजवळ नाहींशीं झालीं. लांकूड कापण्याच्या एकोणसत्तर गिरण्या जळाल्या. या गिरण्या दाट जंगलांत असत, कामगार व त्यांचीं कुटुंबें तेथेंच राहत, आणि बाहेर पडण्यास बहुधा एकच वाट असे.

या आपत्तीची चौकशी करण्यास न्यायमूर्ति लेनर्ड स्ट्रेटन यांचें रॉयल कमिशन नेमण्यांत आलें. स्ट्रेटन यांनीं गांवोगांव फिरून साक्षी घेतल्या, आणि जो निष्कर्ष काढला तो कोणालाच सुखकर नव्हता. आगी दैवानें लागल्या नव्हत्या, माणसांनीं लावल्या होत्या. कोणी चाऱ्यासाठीं गवत जाळलें, कोणी शेत मोकळें करण्यासाठीं झुडपें पेटविलीं, कोणी विस्तव तसाच टाकून निघून गेलें. प्रत्येकानें आपल्यापुरता विचार केला. शेजाऱ्याचा केला नाहीं. जंगलखातें, नळयोजनेचें खातें, गांवचीं मंडळें आणि शेतकरी यांचें एकमेकांशीं पटत नव्हतें. यावर स्ट्रेटन यांनीं सुचविलेला उपाय असा, कीं ग्रामीण भागांतील सर्व अग्निनिवारणाचें काम एका अधिकाराखालीं यावें. परंतु त्याच सालीं महायुद्ध सुरू झालें, आणि ही शिफारस दप्तरांत पडून राहिली.

तिच्या विलंबाची किंमत पुढें मोजावी लागली. युद्धामुळें गांवांतील तरुण परदेशीं गेले होते. पथकांत वृद्ध माणसें व मुलें उरलीं होतीं. २२ डिसेंबर १९४३ रोजीं वांगारॅटा शहराजवळ टॅराविंजी येथें गवताला लागलेली आग विझविण्यास गेलेल्यांपैकीं दहा स्वयंसेवक त्या आगींत सांपडून मरण पावले. लगेच १९४४ च्या आरंभीं राज्यभर पुन्हां आगी लागल्या आणि शेंकडों घरें गेलीं. यालॉर्न येथील कोळशाच्या उघड्या खाणीलाहि आग लागली. राज्याची वीज त्या कोळशावर चालत होती. राजधानीचे दिवे जाण्याची वेळ आली तेव्हां मात्र सरकार जागें झालें. न्यायमूर्ति स्ट्रेटन यांनाच पुन्हां चौकशीस नेमलें, १९४४ सालीं कायदा झाला, आणि २ एप्रिल १९४५ पासून 'कंट्री फायर ऑथॉरिटी' हें ग्रामीण अग्निशामक मंडळ कामास लागलें. गांवांचीं पथकें आणि रानांतील पथकें प्रथमच एका छत्राखालीं आलीं.

या मंडळाची रचना पाहण्यासारखी आहे. वर सरकारी मंडळ आहे, बंब व सामान पुष्कळसें तेंच देतें. परंतु खालीं पथक गांवाचें तें गांवाचेंच राहिलें. पथकाचा कॅप्टन वरून नेमला जात नाहीं. सभासद आपल्यांतून त्याला निवडतात आणि ठराविक मुदतीनें निवडणूक पुन्हां होते. म्हणजे आगीच्या तोंडाशीं ज्याचा शब्द मानावयाचा, तो माणूस आपणच शांतपणीं ठरविलेला असतो. इस्टेटीनें मोठा असलेला जमीनदार कित्येकदां आपल्या गड्याच्या हुकमाखालीं नळी धरतांना दिसतो, याचें मर्म हेंच.

वर्षांतले बहुतेक दिवस आगीचे नसतात; म्हणून पथकाचें खरें काम आगीच्या दिवसांबाहेरच पाहावें. हिवाळ्यांत व वसंतांत रस्त्यांच्या कडेचें गवत जाळून किंवा कापून जाळरेषा तयार करावयाच्या. पाण्याच्या टाक्या व तळीं कोठें आहेत याची नोंद ठेवावयाची. आठवड्याच्या ठरलेल्या दिवशीं बंबाची तपासणी व कवाईत करावयाची. मोटारींचे अपघात झाले तर मदतीस तें पथकहि जातें. पूर आला तर वाळूचीं पोतीं रचण्यास तेंहि हातभार लावतें. उन्हाळ्याआधीं पथकाचे सभासद वस्त्यांत बैठका घेतात आणि घरापासून लांकूडफांटा किती दूर ठेवावा, पन्हळींतील वाळलेलीं पानें केव्हां काढावीं, कोणत्या दिवशीं घर सोडून निघावें, हें घरोघर समजावून सांगतात. मंडळाच्या पैशांत न भागणाऱ्या वस्तूंसाठीं जत्रेंत खाद्यपदार्थ विकून आणि सोडत काढून वर्गणी जमवितात. नाताळांत लाल बंबावर सांताक्लॉज बसवून मुलांना खाऊ वांटतात. बंबाची पत्र्याची शेड हें कित्येक लहान खेड्यांत गांवकऱ्यांनीं एकत्र जमण्याचें उरलेलें एकमेव ठिकाण असतें. शाळा बंद झाली, पोस्ट गेलें, तरी शेड राहते.

स्त्रियांचा भागहि यांत मोठा आहे. पूर्वीं टेलिफोनची घंटा ऐकून गांवभर वर्दी देणें, आगीवरून परतणाऱ्यांस अन्नपाणी पुरविणें, हीं कामें त्याच करीत. आतां त्या बंब चालवितात, नळी धरतात आणि कॅप्टनहि होतात.

पण मंडळ झालें म्हणून मरण थांबलें नाहीं. येथून पुढचा इतिहास हा एकेका नियमाचा इतिहास आहे, आणि प्रत्येक नियमामागें कोणाची तरी चिता आहे.

१६ फेब्रुवारी १९८३ या दिवशीं, ख्रिस्ती लोक ज्याला 'राखेचा बुधवार' म्हणतात त्या पर्वदिनीं, व्हिक्टोरिया व दक्षिण ऑस्ट्रेलिया या दोन राज्यांत मिळून पंचाहत्तर माणसें वणव्यांत मेलीं. त्या संध्याकाळीं अपर बीकन्सफील्ड येथें बाहेरगांवचे दोन बंब मदतीस आले होते. एक नॅरे वॉरनचा, दुसरा दूरच्या पँटन हिलचा. अंधार पडत असतां वारा फिरला. दोन्ही बंबांवरील सर्व माणसें मेलीं.

पंधरा वर्षांनीं, २ डिसेंबर १९९८ रोजीं, लिंटन या गांवाजवळ तेंच पुन्हां घडलें. जीलाँग वेस्टच्या पथकाचा बंब पाणी भरून घेण्यासाठीं आगीच्या बाजूनें, न जळलेल्या रानांतून चालला होता. वारा फिरला, बाजूची आग तोंड होऊन आली, आणि पांच स्वयंसेवक जागींच गेले. जीलाँगचाच दुसरा एक बंब जवळ होता. त्याच्या टांकींत पाणी शिल्लक होतें. त्या पाण्याचा फवारा स्वतःभोंवतीं धरून त्याच्यावरील माणसें वांचलीं. एकाच आगींत, एकाच वेळीं, दोन बंबांच्या नशिबांतलें अंतर टांकींतल्या पाण्याएवढें होतें.

या मृत्यूंची चौकशी कित्येक महिने चालली. तिचा अहवाल २००२ सालीं प्रसिद्ध झाला. त्यानंतर नियम कडक झाले. टांकींतलें शेवटचें पाणी आगीवर ओतावयाचें नाहीं, तें स्वतःसाठीं राखावयाचें. वारा फिरणार असल्याची वर्दी प्रत्येक बंबापर्यंत पोंचली पाहिजे, आणि ती मिळाल्याची पोंच परत आली पाहिजे. किमान शिक्षण पुरें केल्याशिवाय कोणालाहि वणव्याच्या तोंडावर धाडावयाचें नाहीं, मग तो कितीहि उत्सुक असो. श्रोतेहो, शेजाऱ्याचें घर डोळ्यांदेखत पेटत असतां टांकींत पाणी राखून मागें फिरणें, हें शूर माणसाला किती जड जात असेल याची आपण कल्पना करावी. स्वयंसेवकाला शिकविण्यास सर्वांत कठीण धडा पुढें जाण्याचा नसून मागें येण्याचा आहे.

आणि तरीहि निसर्ग माणसाच्या नियमांना पुरून उरतो. ७ फेब्रुवारी २००९ रोजीं, शनिवारीं, मेलबोर्नचें उष्णतामान ४६·४ अंशांवर गेलें. किंगलेक, मेरीज्व्हिल इत्यादि गांवांवर जो वणवा त्या दिवशीं आला, त्याला अडविण्याची शक्ति जगांतील कोणत्याहि बंबांत नव्हती. एकशें त्र्याहत्तर माणसें मेलीं. दोन हजारांहून अधिक घरें जळालीं. दुसऱ्या गांवची आग विझविण्यास गेलेल्या कित्येक स्वयंसेवकांचीं स्वतःचीं घरें त्यांच्या पाठीमागें राख झालीं. पुन्हां रॉयल कमिशन बसलें. त्याला आढळलें, कीं मृतांपैकीं एकशें तेरा जण घरांच्या आंत मेले. तोंवर लोकांस असें शिकविलें जाई, कीं नीट तयारी करा आणि एकतर घर राखावयास थांबा, नाहींतर वेळेवर निघून जा. ज्या दिवसांत थांबणें शहाणपणाचें नसतें असेहि दिवस असतात, हें स्पष्ट सांगितलें गेलें नव्हतें. तेव्हांपासून सर्वांत भयंकर दिवसांसाठीं वेगळा इशारा ठरला आहे, आणि त्या दिवशींचा उपदेश एकच: आधींच निघून जा. हे इशारे रेडिओवरून दिले जातात. वीज गेलेली, टेलिफोन बंद पडलेला, धुरानें दुपारींच रात्र झालेली, अशा घरांत बॅटरीवर चालणारा लहानसा रेडिओ हाच पुष्कळांचा सोबती असतो, ही गोष्ट आपणांस, रेडिओच्या श्रोत्यांस, विशेष जाणवेल.

१ जुलै २०२० पासून तेथें पुन्हां नवी रचना झाली. पगारी दलें वेगळीं करण्यांत आलीं, आणि ग्रामीण मंडळ केवळ स्वयंसेवकांचें म्हणून राहिलें. आज त्याच्या हाताखालीं सुमारें बाराशें पथकें आहेत. पुढें अडचणी नाहींत असें नाहीं. तरुण शहराकडे जातात. राहिलेल्यांचीं केसें पिकत आहेत. नोकरी शहरांत आणि घर खेड्यांत असणाऱ्यांना दुपारच्या भोंग्याला हजर होतां येत नाहीं. उन्हाळे लांबत आहेत आणि वणव्याचे दिवस वाढत आहेत. कामाचा बोजा वाढावा आणि खांदे कमी व्हावे, असा हा काळ आहे.

आपल्या सह्याद्रींतहि दर उन्हाळ्यांत डोंगरउतारावर वणव्याच्या माळा दिसतात. त्या वणव्यांत निलगिरीच्या रानाचा तडाखा नसतो. परंतु चारा जातो, रोपें जातात, पांखरांचीं घरटीं जातात, कधीं गोठा पेटतो. आपल्याकडेहि आग बहुधा माणसाच्याच हातून लागते, आणि जाळरेषा काढण्याचें काम कोणाचें, सरकारचें कीं गांवाचें, हा वाद आपल्याकडेहि ऐकूं येतो. हाकेला धांवून जाण्याची वृत्ति आपल्या खेड्यांत आहे; ती कोणाकडून शिकावयास नको. शिकावयाचें असेल तर तें एवढेंच, कीं आग नसतांना जमावें, आपला नायक आधींच निवडावा, त्याचा शब्द मानण्याची संवय आधींच करावी, आणि माणूस गेल्यास तो कां गेला हें उघडपणें विचारून पुढच्याला सांगावें.

व्हिक्टोरियांतील कित्येक खेड्यांत दर आठवड्याला एका ठराविक संध्याकाळीं आजहि पत्र्याच्या शेडचें दार उघडतें. बंब बाहेर काढतात, नळ्या उलगडतात, टांकींतलें पाणी मोजतात आणि पुन्हां सारें जागच्या जागीं ठेवतात. आग कोठेंच लागलेली नसते. विहीर खणण्याची वेळ तीच.